जेवणानंतरची पंधरा मिनिटं

निरोगी माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि उपाशीपोटी त्यात साखर असते जेमतेम चमचाभर, ४-५ ग्रॅम. दोन पोळ्या आणि वाटीभर भात खाल्ला की पुढच्या दोन-तीन तासांत त्याच रक्तात दहापटीहून जास्त साखर उतरते. तरीही ती साचत नाही, कारण यकृत आणि स्नायू ती उचलत राहतात.

स्नायूच्या पेशीत साखर आपोआप शिरत नाही. तिला आत नेणारी ग्लूट-४ नावाची प्रथिनं एरवी पेशीच्या पोटात बारीक पिशव्यांमध्ये थांबलेली असतात. स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटलं, त्याचा निरोप पेशीला मिळाला, की ती पृष्ठभागावर येतात. टाइप २ मधुमेहात हा निरोपच नीट पोचत नाही. इन्सुलिन रक्तात असूनही पेशी त्याला पुरेशी दाद देत नाही आणि साखर बाहेरच राहते.

मात्र तीच प्रथिनं वर आणण्याची आणखी एक वाट आहे, आणि मला या सगळ्यात सर्वांत दिलासा देणारी गोष्ट तीच वाटते. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीत कॅल्शियम सुटतं, ऊर्जा खर्च होते, आणि या संकेतांनी ग्लूट-४ इन्सुलिनची वाट न पाहता पृष्ठभागावर येतं. मधुमेह झालेल्या माणसातही ही वाट बऱ्यापैकी शाबूत असते. मांड्या आणि पोटऱ्या हे शरीरातले मोठे स्नायू, म्हणून साधं चालणंही उपयोगी पडतं.

वेळही महत्त्वाची. रक्तातली साखर जेवणानंतर साधारण तासाभरात शिगेला पोचते, म्हणून चालायचं ते त्याआधी. अमेरिकेत साठीपुढच्या काही व्यक्तींवर झालेला एक छोटा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला सकाळच्या सलग ४५ मिनिटांच्या चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतरची १५ मिनिटं सरस ठरली. आपल्याकडची शतपावली दीड-दोन मिनिटांत संपते. तिला थोडं लांबवायला हवं. आणि घरातली बाई त्या वेळी ओटा आवरत असेल, तर सगळ्यांनी मिळून आवरावं आणि तिलाही बरोबर न्यावं. तिचे स्नायूही तेच काम करतात.

चालून थांबल्यावरही परिणाम उरतो. रिकामा झालेला साखरेचा साठा भरून काढताना स्नायू पुढचा एक-दोन दिवस इन्सुलिनला जास्त दाद देतात. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, असं मधुमेहाचे डॉक्टर सांगतात. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस अशा चालण्यातूनही पुरी होऊ शकते. फक्त पावलं जरा झपझप पडायला हवीत.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोलावं आणि खिशात साखर ठेवावी. पायांना बधिरपणा असेल, तर गच्चीवरसुद्धा अनवाणी चालू नये.