गच्चीवर माती, घरात गारवा

एप्रिलच्या दुपारी अंबरनाथच्या बुवापाड्यात पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर बसून बघा, मग माती-झाडांनी झाकलेल्या हिरव्या छताचं महत्त्व कुणी समजावून सांगायला नको. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनुसार हिरव्या छताचा पृष्ठभाग साध्या छतापेक्षा 17 ते 22 अंशांनी थंड राहू शकतो. थोडं श्रेय झाडांच्या सावलीचं, बरंचसं त्यांच्या पानांतून उडून जाणाऱ्या पाण्याचं.

हे फॅड परदेशी आहे, असं वाटतंय? मलबार हिलचं हँगिंग गार्डन आठवा. 1880च्या दशकात ते चक्क पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर उभं राहिलं. आपण फिरतो हिरवळीवर, पायाखाली साठलेलं असतं दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी! कॅनडातल्या टोरांटोनं मोठ्या नव्या इमारतींना हिरवं छत सक्तीचं केलं, ते थेट 2009 साली.

तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनची गच्ची मला हँगिंग गार्डनहूनही लाडकी. कँटीन सांभाळणाऱ्या प्रीती पाटील यांनी तिथे स्वयंपाकघरातला ओला कचरा जिरवून भाज्या आणि फळझाडं वाढवली. प्रेरणा होती कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतीप्रयोगांच्या चळवळीची.

आता खरी मेख : वजन. दहा बाय दहाच्या खोलीवर वीतभरापेक्षाही कमी, म्हणजे 15 सेंटिमीटर साधी माती पसरली, की पावसात भिजल्यावर ती भरते सुमारे अडीच टन! वापरातल्या गच्चीचं गणित सहसा चौरस मीटरला दीडशे किलो धरून करतात. ही माती जाते अडीचशेच्या वर. म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मगच कुदळ. मातीत कोकोपीट, उसाची चिपाडं, पालापाचोळा मिसळला की भार बराच हलका होतो.

थरांचा क्रमही चुकवून चालत नाही. सगळ्यात खाली वॉटरप्रूफिंग. ते झालं की गच्चीत दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालच्या छताला ओल येते का बघायचं. ही परीक्षा टाळणारा पुढे पावसाळाभर बादल्या लावत बसतो. वॉटरप्रूफिंगवर मुळं अडवणारा जाड पडदा, मग पाणी वाहून नेणारा थर, गाळणीचं कापड, माती आणि शेवटी झाडं. कमी मातीत तगणारी चिनी गुलाब आणि कोरफड सुरुवातीला उत्तम. वड-पिंपळाचं रोप दिसलं की त्याच दिवशी उपटायचं.

पावसाळ्यात आणखी एक फायदा. त्याच दहा बाय दहाच्या खोलीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर नव्वदहून जास्त लिटर पाणी होतं. कोरडी माती त्यातलं बरंचसं पिऊन टाकते, उरलेलं सावकाश सोडते. गटारावर एकदम लोंढा येत नाही. जुलैतल्या संततधारेत मात्र माती आधीच तुडुंब असते, तेव्हा तिच्याकडून फार अपेक्षा नको.

आणि पत्र्याचं घर असेल तर? पत्र्यावर माती अजिबात नको. दाराशी पिंपात माती भरा, जानेवारीच्या शेवटी दोडक्याचं किंवा दुधीचं बी टोचा आणि पत्र्यापासून वीतभर उंच बांबूचा हलका मांडव घाला. वेल थेट पत्र्यावर सोडला, तर कोवळी टोकं करपतात. रोज पाणी घातलं तर ऐन उन्हाळ्यात छपरावर सावली असते आणि ताटात दोडका.