मध्य-अवरक्त उपकरणाची कसोटी : ‘व्हिजिर’चा अनुभव

भूस्थित दुर्बिणीतून मध्य-अवरक्त निरीक्षण करणे म्हणजे भर दुपारी चांदण्या शोधणे होय. सुमारे 300 केल्व्हिन तापमानाची वस्तू 10 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासच सर्वाधिक प्रारण उत्सर्जित करते. परिणामी आकाश आणि खुद्द दुर्बीणही तेथे प्रकाशमान असतात. म्हणून दुय्यम आरसा वारंवार हलवून तारा व लगतचे रिक्त आकाश यांच्या प्रतिमा आलटून-पालटून घेतात आणि एकीतून दुसरी वजा करतात.

चिलीतील पारानाल येथील व्हीएलटीवर 2004 साली बसविलेल्या ‘व्हिजिर’ उपकरणात 2012 मध्ये 256 × 256 बिंदूंच्या शोधकाऐवजी 1024 × 1024 बिंदूंचा ‘अ‍ॅक्वेरियस’ शोधक आला. बिंदू सोळापट झाले. संवेदनक्षमता मात्र अपेक्षेइतकी वाढली नाही. चाचण्यांतून कारण उघड झाले : प्रखर पार्श्वभूमीत शोधकातील विद्युतभार अस्थिर होऊन अल्प वारंवारतेचा अतिरिक्त गोंगाट निर्माण होतो. अंधाऱ्या पार्श्वभूमीत हा दोष फारसा जाणवत नाही, हीच खरी मेख. आरसा अधिक जलद हलविणे हा उपाय. परंतु जड आरशाच्या वेगाला मर्यादा असते. 2015 मध्ये उपकरण पुन्हा सेवेत आले. 2019 मध्ये अल्फा सेंटॉरीभोवती ग्रह शोधताना ते चौथ्या दुर्बिणीवर नेण्यात आले, कारण तेथील जेमतेम 2 मिलिमीटर जाडीचा दुय्यम आरसा सेकंदाला आठ-एक वेळा हलू शकत होता.