अफवा, तुलना आणि प्रयोग : संशोधनपद्धतींच्या मर्यादांचा एक विचार

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धतींचा परिचय बहुधा वर्गीकरणाच्या द्वारा करून दिला जातो. निरीक्षण, सर्वेक्षण, सहसंबंधात्मक अभ्यास, प्रयोग अशी नावे आणि प्रत्येकीचे गुणदोष विद्यार्थ्यास अवगत होतात. परंतु अमुक पद्धतीने मिळालेल्या पुराव्यावर किती भार टाकावा, हा विवेक केवळ व्याख्यांनी येत नाही. त्यासाठी एखाद्या प्रश्नाचा एका पद्धतीकडून दुसरीकडे झालेला प्रवास पाहणे अधिक उपयुक्त ठरते. अशा एका प्रवासाचा आरंभ भारतात झाला.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळ या प्रदेशांत प्रलयंकारी भूकंप झाला. त्यानंतर लोकांत पसरलेल्या अफवांचा संग्रह जमुना प्रसाद यांनी केला व त्यावरील निबंध १९३५ साली प्रसिद्ध केला. नेपाळच्या सीमेवरून महापूर येत आहे, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भीषण भूकंप होणार आहे, अशा स्वरूपाच्या त्या अफवा होत्या. जे घडले त्याहूनही भयंकर असे काही पुढे घडणार, हाच त्यांतील बहुतेकींचा आशय होता. भूकंपासारखी आपत्ती संशोधकास घडवून आणता येत नाही. ती घडल्यावर सावधपणे नोंद करणे एवढेच त्याच्या हाती असते. नैसर्गिक परिस्थितीतील निरीक्षणाचे मोल ते हेच. मात्र काय घडले हे अशा नोंदींतून कळते, ते का घडले हे त्यांतून निश्चित होत नाही.

येथे सहज सुचणारे उत्तर असे, की आपत्तीमुळे भय उत्पन्न होते व भयातून अफवा जन्मतात. एकाच घटनेचा अभ्यास करणाऱ्यास हे उत्तर खोडून काढण्याचे साधन नसते. ते साधन दुर्गानंद सिन्हा यांच्या १९५२ सालच्या निबंधाने उपलब्ध करून दिले. १९५० साली दार्जिलिंग येथे दरडी कोसळून मोठी हानी झाली. तेथील वृत्तांत व अफवा सिन्हा यांनी अभ्यासल्या. परंतु पुढील अरिष्टाचे भाकीत करणाऱ्या अफवा त्यांत आढळल्या नाहीत. आपत्ती दोन्हीकडे होती, परंतु भीतिदायक अफवा मात्र एकीकडेच होत्या.

हा भेद अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांना महत्त्वाचा वाटला. त्यांचा तर्क असा : प्रसाद यांनी ज्यांच्या अफवा नोंदविल्या, त्यांना भूकंपाचा धक्का तीव्रतेने जाणवला होता, पण विध्वंस त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. मनात भय होते. त्यास साजेसे कारण समोर नव्हते. अफवांनी ते कारण पुरविले. उलटपक्षी, दार्जिलिंगच्या लोकांसमोर भयाचे कारण प्रत्यक्ष उभे असल्यामुळे ते कल्पनेने निर्माण करण्याची गरज त्यांना नव्हती. परस्परांशी न जुळणाऱ्या जाणिवांमुळे अस्वस्थता निर्माण होते व मनुष्य ती कमी करू पाहतो, हा बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत फेस्टिंजर यांनी १९५७ साली ग्रंथरूपाने मांडला.

तथापि ही तुलना सिद्धता नव्हे. दोन घटनांमध्ये सोळा वर्षांचे अंतर होते. प्रदेश निराळे, आपत्ती निराळ्या, नोंदी करणारेही निराळे. भूकंपानंतर पुन्हा धक्के बसतात हा अनुभव लक्षात घेतला, तर भाकिते भूकंपानंतरच का पसरली याचे दुसरेही स्पष्टीकरण देता येईल. ज्या तुलनेत अनेक घटक एकाच वेळी बदललेले असतात, तिच्यातून अभ्युपगम सुचतो; कारण मात्र सिद्ध होत नाही.

कारणाचा निर्णय करावयाचा तर एकच घटक बदलून शेष परिस्थिती शक्य तितकी समान राखावी लागते. फेस्टिंजर व जे. एम्. कार्लस्मिथ यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच केले. विद्यार्थ्यांकडून सुमारे तासभर अत्यंत कंटाळवाणे काम करून घेण्यात आले. नंतर दोन गटांतील विद्यार्थ्यांना, हे काम मनोरंजक आहे असे दुसऱ्या व्यक्तीस सांगण्यास लावले. त्याबद्दल एका गटास १ डॉलर व दुसऱ्यास २० डॉलर देऊ केले. तिसऱ्या, नियंत्रित गटास असे काही सांगावे लागले नाही. प्रयोगात ७१ विद्यार्थी होते. त्यांपैकी ११ जणांची माहिती वगळून प्रत्येक गटात २० जण राहिले, आणि ही वगळणूक निबंधात कारणांसह नमूद केलेली आहे. −५ ते +५ या मापावर काम किती आनंददायक वाटले, याची सरासरी नियंत्रित गटात −०.४५, २० डॉलरच्या गटात −०.०५ आणि १ डॉलरच्या गटात +१.३५ आली. अल्प मोबदल्यात असत्य बोललेल्यांनीच आपले मत अधिक बदलले.

प्रयोगाने कारणाकडे अधिक निःशंकपणे बोट दाखविले खरे. पण त्यासाठी भूकंपग्रस्त समाजाची जागा एका विद्यापीठातील तरुणांनी घेतली. शिवाय परिणाम सिद्ध झाला म्हणून त्याचे स्पष्टीकरणही सिद्ध झाले असे नाही. मनुष्य स्वतःच्या वर्तनावरूनच स्वतःचे मत अनुमानतो, असा पर्यायी विचार डॅरिल बेम यांनी १९६७ साली पुढे ठेवला. पुनरावृत्तीची कसोटी तर आणखी कठोर आहे. स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहावयास लावण्याच्या प्रयोगाची पुनरावृत्ती ३९ प्रयोगशाळांनी मिळून केली व तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. निबंध लिहिण्याचे स्वातंत्र्य अधिक भासल्यास मतही अधिक बदलेल, ही सिद्धांताची मध्यवर्ती अपेक्षा त्यांत पुरी झाली नाही.

म्हणून पद्धतींची उच्चनीच अशी उतरंड लावणे योग्य नाही. प्रसाद यांच्या नोंदी नसत्या तर सिन्हा यांच्या नोंदींतील भेद कोणाच्या ध्यानात आला नसता; तो भेद नसता तर प्रयोगामागील अभ्युपगमास एक मोठा आधार उणा पडला असता; आणि पुनरावृत्तीवाचून त्या अभ्युपगमाची कक्षा कोठवर, हे कळले नसते. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने पद्धतीच्या प्रकरणात आपण काय केले एवढेच सांगून थांबू नये. आपल्या पुराव्यावरून कोणते विधान करता येते, कोणते करता येत नाही, आणि निष्कर्षाचे दुसरे कोणते स्पष्टीकरण अद्याप शिल्लक आहे, हेही त्याने तेथेच स्पष्ट लिहावे. परीक्षकानेही प्रथम तेच पाहावे, हे उचित होय.