तांदळाचा दाणा आणि थंड प्लाझ्मा

कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली, की मुंबई-आग्रा महामार्गावर घोटी लागते. मुसळधार पाऊस, खाचरांतले भात आणि ते सडणाऱ्या गिरण्या ही या बाजारपेठेची जुनी ओळख. मुंबई-नाशिकच्या अनेक घरांत शिजणारा इंद्रायणी तांदूळ याच पट्ट्यातून येतो. या तांदळाचा आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या जांभळट प्रकाशाचा काही संबंध असू शकेल, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तो आहे, आणि त्याचा धागा मुंबईच्या माटुंग्यापर्यंत जातो.

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपण शाळेत शिकतो. वायूला आणखी ऊर्जा दिली, की त्याच्या अणूंतील काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. धनभारित आयन, मोकळे इलेक्ट्रॉन आणि उरलेले उदासीन कण यांचे मिश्रण तयार होते. ही चौथी अवस्था म्हणजे प्लाझ्मा. मराठी परिभाषेत तिला ‘आयनद्रायू’ असे अर्थवाही नाव आहे. ‘प्लाझ्मा’ हे नाव अमेरिकी शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये रूढ केले. त्याआधी, १९२० मध्ये, तापलेल्या वायूचे किती आयनीभवन होते हे सांगणारे समीकरण आपल्या मेघनाद साहा यांनी मांडले होते.

सूर्य हा प्लाझ्माच आहे, आकाशात चमकणारी वीजही. साहजिकच प्लाझ्मा म्हटले की प्रचंड उष्णता, असे समीकरण मनात बसते. पण घरातल्या जुन्या ट्यूबलाइटच्या आतही प्लाझ्माच असतो, आणि तिची काच हाताला जेमतेम कोमट लागते. हे कसे घडते?

याचे उत्तर वजनात आहे. विद्युतक्षेत्र लावल्यावर सर्वाधिक वेग घेतो तो हलका इलेक्ट्रॉन. नायट्रोजनचा एक रेणू त्याच्यापेक्षा सुमारे ५१ हजार पट जड असतो. मध्यम आकाराच्या तांदळाचे एका किलोत साधारण ५० हजार दाणे भरतात. म्हणजे इलेक्ट्रॉनने रेणूला धडकणे हे एका दाण्याने किलोभर तांदळाच्या पिशवीवर आपटण्यासारखे झाले. दाणा उडून जातो, पिशवी ढिम्म हलत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनांचे तापमान ११ हजार अंशांच्या आसपास पोहोचले, तरी भोवतालचा वायू खोलीच्या तापमानालाच राहतो. यालाच थंड किंवा अल्पतापमान प्लाझ्मा म्हणतात. वायू तापत नाही, पण वेगवान इलेक्ट्रॉन त्याचे रासायनिक बंध तोडतात. हवेतूनच ओझोन, आण्विक ऑक्सिजन, नायट्रोजनची ऑक्साइडे असे अत्यंत क्रियाशील घटक जन्माला येतात. एरवी भट्टीच्या उष्णतेने साधणारे रसायन असे थंडपणे घडवता येते.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एकेकाळच्या ‘यूडीसीटी’त, अन्नतंत्रज्ञ उदय अन्नपुरे आणि भौतिकशास्त्रज्ञ आर. आर. देशमुख यांच्या गटाने हे तंत्र तांदळावर वापरून पाहिले. बासमतीवरील त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी दाबाच्या पात्रात तांदूळ ठेवून त्यावर प्लाझ्माची प्रक्रिया केली गेली. लागणारी शक्ती ३० ते ४० वॅट, म्हणजे जवळजवळ एका ट्यूबलाइटइतकी, आणि वेळ पाच ते दहा मिनिटे. प्रक्रियेनंतर दाण्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे आणि ओरखडे पडलेले आढळले. त्यांतून पाणी लवकर आत शिरू लागले आणि भात शिजण्याचा वेळ कमी झाला.

या निष्कर्षाचे महत्त्व घोटीसारख्या गावाला अधिक आहे. गिरणीत भाताचे तूस निघाल्यावर दाण्यावर कोंड्याचा तांबूस थर उरतो. जीवनसत्त्वे आणि तंतू याच थरात असतात. पण हा थर पाणी आत जाऊ देत नाही. असा तांदूळ शिजायला वेळ आणि इंधन दोन्ही जास्त लागतात. म्हणून ग्राहक पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ मागतो, आणि पोषण कोंड्याबरोबर निघून जाते. कोंडा न काढता केवळ त्याचा पृष्ठभाग सच्छिद्र करता आला, तर ही अडचण बरीच सुटेल. हातसडीच्या तांदळाला खरा प्रतिस्पर्धी मिळतो तो स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडून!

दुसरा प्रश्न साठवणुकीचा. दमट हवेत धान्याला बुरशी लागते, सोंडे होतात. गोदामांत त्यासाठी फॉस्फिन वायूची धुरी देतात. तिला काही दिवस लागतात, वायू विषारी असतो आणि अनेक ठिकाणच्या किडींत त्याला प्रतिकारशक्तीही आली आहे. प्लाझ्माला हवा आणि वीज एवढेच पुरते. दाण्यावरचे जंतू आणि बुरशीचे बीजाणू तो नष्ट करू शकतो. नाशिक जिल्ह्यातच, लासलगावला, २००२ पासून कांद्यावर गॅमा किरणांची प्रक्रिया करणारे केंद्र आहे. तिथे किरणोत्सारी कोबाल्ट लागतो आणि त्यासाठी जाड भिंतींचा बंदोबस्तही. प्लाझ्माचे यंत्र मात्र बटण बंद केले की थांबते.

तरीही घाई करून चालणार नाही. गॅमा किरण आरपार जातात, प्लाझ्माचे काम मात्र पृष्ठभागापुरते. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते. तिथली अळी प्लाझ्माच्या हाती लागणे कठीण. ढिगातल्या दाण्यांची एकमेकांवर सावली पडते. कोंड्यात तेल असते आणि क्रियाशील ऑक्सिजनमुळे ते खवट होण्याचा धोका संभवतो. प्रयोगशाळेत मूठभर तांदूळ निर्वात पात्रात ठेवणे वेगळे, आणि पोत्यांमागून पोती सडणाऱ्या गिरणीत हे साधणे वेगळे. त्यासाठी नेहमीच्या हवेच्या दाबावर, वाहत्या धान्यावर चालणारी यंत्रे स्वस्तात बनायला हवीत. ओझोन बाहेर काढण्याची सोय आणि अन्नसुरक्षा यंत्रणेची मान्यता हे आणखी दोन टप्पे.

इतरत्र मात्र थंड प्लाझ्मा कधीच कामाला लागला आहे. ओझोननिर्मितीसाठी वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ मध्येच अशी नळी बनवली होती. तांदळाच्या प्लास्टिक पिशवीवर शाई टिकावी म्हणून छपाईआधी त्या प्लास्टिकवर विद्युत विसर्जनाची प्रक्रिया करतात, तोही प्लाझ्माच. मोबाइलच्या चिपवरील सूक्ष्म रेषा त्यानेच कोरल्या जातात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने अंगोरा सशाच्या निसरड्या लोकरीवर त्याचा प्रयोग करून तिचे सूत कातणे सोपे केले. जर्मनीत २०१३ पासून न भरणाऱ्या जखमांवर प्लाझ्माची लेखणीसारखी उपकरणे वापरली जात आहेत.

पिशवीपर्यंत पोहोचलेले हे तंत्र आतल्या दाण्यापर्यंत पोहोचणार का, हा आता संशोधनाइतकाच अर्थकारणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर माटुंग्याच्या प्रयोगशाळेला एकटीने देता येणार नाही. घोटीच्या गिरणीत हे यंत्र बसवून, त्यातून निघालेला तांदूळ शिजवून आणि वर्षभर साठवून पाहावा लागेल.