घरची स्कूटर, घरची दुरुस्ती



जुन्या वाड्याच्या बोळात, चाळीच्या जिन्याखाली किंवा घराच्या मागल्या पडवीत ताडपत्रीने झाकून ठेवलेली एखादी स्कूटर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कधीकाळी त्याच स्कूटरवर बसून वडील कचेरीत जात, पुढे धाकटे मूल उभे राही, मागे आई बसे, आणि सुटीच्या दिवशी सारे कुटुंब देवदर्शनाला निघे. आज ती गंजते आहे. भंगारवाला महिन्यातून एकदा विचारून जातो, आणि घरातील कोणीतरी म्हणते, ‘जरा थांबा, बघू काही करता येते का.’ त्या ‘बघू’चा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

त्या स्कूटरवर ‘विजय सुपर’ हे नाव असेल, तर तिचे माहेर लखनौचे, हे ध्यानात ठेवावे. लखनौ शहरातून कानपूरच्या रस्त्याला लागले म्हणजे अमौसीच्या विमानतळाजवळून पुढे सरोजिनी नगर लागते. तेथे स्कूटर्स इंडिया लिमिटेड हा सरकारी कारखाना होता. या कंपनीची स्थापना १९७२ साली झाली. त्यापूर्वी इटलीतील मिलान शहरी इन्नोचेन्ती नावाची कंपनी १९४७ पासून लॅम्ब्रेटा स्कूटर काढीत असे. तिने स्कूटरचा व्यवसाय बंद केल्यावर तिची यंत्रसामग्री आणि हक्क आपल्या सरकारने विकत घेतले, आणि १९७५ च्या सुमारास सरोजिनी नगरात स्कूटरी तयार होऊ लागल्या. परदेशी जाणाऱ्या गाडीला लॅम्ब्रेटा हे नाव राहिले. देशात विकली जाणारी विजय सुपर झाली. तेथेच तयार झालेल्या विक्रम तीनचाकीने तर उत्तरेतील कितीतरी शहरांची ने-आण केली.

मराठी श्रोत्यांना हे घराणे परके नाही. लखनौच्या आधी कितीतरी वर्षे मुंबईत भांडुप येथे ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटा बनवीत असे, आणि पुढे तीच ‘लॅम्बी’ या नावाने रस्त्यावर आली. म्हणजे भांडुपची गाडी आणि लखनौची गाडी या एकाच कुळातील बहिणी होत. पैकी लखनौच्या कारखान्यात दुचाकी निघणे १९९७ साली थांबले आणि २०२१ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने तो कारखानाच बंद करण्यास मंजुरी दिली.

याचा अर्थ असा की, आपल्या पडवीतील त्या गाडीला आता माहेर उरलेले नाही. कंपनीचे दुरुस्ती-केंद्र नाही, हमी देणारा विक्रेता नाही. ज्यांनी उमेदीत ही यंत्रे उघडली ते मिस्त्रीही आता थकले. अशा वाहनाचे आयुष्य त्याच्या मालकाच्या हातात आहे, आणि तो हात जाणता असावा लागतो. अजाण हाताने चालू केलेली गाडी बंद गाडीपेक्षा अधिक घातक असते.

जुनी गाडी हाती घेणारा मनुष्य बहुधा पहिली किक मारतो. इंजिन सुरू झाले की त्याला धन्यता वाटते, मग तो रंग काढावयास देतो, आणि ब्रेकचा विचार सर्वांत शेवटी करतो. हा क्रम नेमका उलटा केला पाहिजे. गाडी आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, आणि शोभेचा विचार त्यानंतर. घरच्या दुरुस्तीचे सारे शास्त्र या एका क्रमात आहे.

त्याही आधी कागदपत्रे पाहावीत. गाडी दुसऱ्याकडून घेत असाल तर नोंदणीपुस्तकातील चेसिस नंबर व इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या आकड्यांशी ताडून पाहावे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. ही मुदत संपलेली असेल तर किती खर्च येईल, ते परिवहन कार्यालयात आधी विचारावे आणि मगच पाना हातात घ्यावा.

आता ब्रेक. या गाडीचे दोन्ही ब्रेक ड्रमचे असून केबलच्या ओढीने लागतात. चाक काढून ड्रम उघडल्यावर आत बारीक काळी भुकटी दिसेल. ती फुंकून उडवू नका. जुन्या काळच्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसाला अपायकारक आहे. ओल्या फडक्याने ती टिपून घ्यावी व फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. लायनर झिजलेले असेल तर ॲस्बेस्टॉस नसलेले नवे बसवावे. मागच्या ब्रेकमध्ये तेलकटपणा दिसला, तर केवळ पुसून भागत नाही. मागच्या चाकाच्या दांड्याजवळचे ऑईल सील गेले की गिअरपेटीतील तेल ब्रेकमध्ये उतरते. ते सील बदलल्याशिवाय नवे लायनर घालणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी घालणे होय.

ब्रेकइतकेच महत्त्व चाकाचे. लॅम्ब्रेटाच्या चाकाची धाव दोन ताटल्या एकमेकींना नटांनी आवळून केलेली असते. चाकावर नटांचे दोन संच दिसतात. एक संच चाकाला ड्रमशी बांधून ठेवतो, दुसरा त्या दोन ताटल्या एकत्र धरतो. टायरमध्ये हवा असताना हा दुसरा संच सैल केला, तर आतील दाबाने ताटल्या उसळून अंगावर येतात. माझ्या स्वतःच्या हातून ही चूक होता होता राहिली. शेजारच्या वृद्ध सायकलवाल्याने वेळीच हात धरला म्हणून माझी बोटे शाबूत आहेत. तेव्हा नियम असा की, आधी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्णपणे सोडावी आणि मगच नटाला पाना लावावा. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून त्यावर विसंबू नये. रबर वयाने कडक होते आणि त्याला चिरा पडतात. टायरच्या बाजूवरील शिक्क्यात शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात व पुढचे दोन वर्ष. ‘१२२३’ म्हणजे २०२३ सालचा बारावा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातला आहे, असे समजून तो टाकून द्यावा.

थांबण्याची सोय झाली. आता चालण्याकडे वळू. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला एकदम किक मारू नये. प्लग काढून त्या छिद्रातून तेलाचे चार थेंब आत सोडावेत, एक रात्र जाऊ द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी किक हाताने हळूहळू दाबून पाहावी. पिस्टन मोकळा असेल तर ते लगेच जाणवते. नसेल तर जोर करू नये. इंजिनाभोवतीचे पत्र्याचे आवरण व पंखाही उघडून पाहावा. या इंजिनाला थंड ठेवणारी हवा त्या पंख्यानेच येते, आणि उभ्या गाडीच्या या पोकळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले अनेकदा आढळते. ते तसेच राहिले तर चार मैलांत इंजिन तापून पिस्टन अडकतो.

दुचाकी इंजिनास तीन गोष्टी लागतात: स्वच्छ पेट्रोल, योग्य वेळी ठिणगी, आणि आतील दाब. बिघाड शोधताना एकेक करून याच तीन दारांशी जावे.

पेट्रोलच्या टाकीत गंज असेल तर तीत मूठभर लहान नट घालून ती हलवावी, नट मोजून परत काढावेत, आणि टाकी धुऊन वाळवावी. टाकीजवळ विडी, दिवा वा वेल्डिंग यांपैकी काहीही असू नये. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला फुगवते व हवेतील ओलावा ओढून घेते. म्हणून पेट्रोलची नळी व कार्बुरेटरमधील रबरी भाग इथेनॉलला टिकणारे घालावेत, आणि गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी. हे इंजिन दोन फेऱ्यांचे असल्यामुळे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. प्रमाण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. दोन टक्के असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर, चार टक्के असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजाने तेल ओतणारा मनुष्य इंजिनाशी जुगार खेळतो.

ठिणगीसाठी प्रथम प्लग पाहावा. त्याचे टोक तपकिरी असेल तर सर्व ठीक. काळे व ओलसर असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त होत आहे. पांढरे असेल तर इंजिन उपाशी राहून तापत आहे. जुन्या गाडीत पॉइंट असतात. त्यांच्यातील अंतर ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर असावे, आणि ते फीलर गेजनेच मोजावे. पॉइंटपर्यंत पोचण्यासाठी फ्लायव्हील काढावे लागले तर त्याचा खास ओढणारा पाना वापरावा. हातोड्याचा एक घाव बसला की चाकातील चुंबक व दांडा दोन्ही कामातून जातात.

तिसरे दार दाबाचे, आणि तेथे ऑईल सीलचा विचार येतो. गिअरपेटीच्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअरचे तेल ओढून घेते, दाट पांढरा धूर येतो व पेटीतील तेल उतरत जाते. दुसऱ्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, आणि हात सोडला तरी इंजिन पळत राहते. ही दोन लक्षणे ओळखता आली तरी खर्चाचा मोठा भाग वाचतो. सील बदलण्याचे काम मात्र माहितगार मिस्त्रीकडे द्यावे. त्यात कमीपणा काही नाही. आपला हात कोठे थांबवावा हे कळणे, हाही कारागिरीचा भाग आहे.

घरी सहज करण्याजोगे एक काम केबल बदलण्याचे. जुनी केबल ओढून काढण्यापूर्वी तिच्या एका टोकाला मजबूत दोरी बांधावी. केबलबरोबर दोरी सबंध गाडीतून ओवली जाते, आणि त्याच दोरीने नवी केबल मूळ वाटेने आत घेता येते. बसवण्यापूर्वी तिच्यात तेल सोडावे. कोकणच्या पावसात तेल न घातलेली केबल दोन वर्षेही टिकत नाही.

आता सुधारणांविषयी. काही सुधारणा गाडीच्या स्वभावाला धरून असतात. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगी घेतली तर पॉइंटची झीज व पावसाळ्यातील कटकट संपते. मात्र ठिणगीची वेळ जाणकाराकडून पाहून घ्यावी. सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा बारा व्होल्टचा करणे रात्रीच्या प्रवासासाठी हितकारक आहे, पण तेव्हा सर्व बल्ब, हॉर्न व रेग्युलेटर एकदमच बदलावे लागतात. अर्धे काम केले तर जुने बल्ब एकामागून एक जळतात.

दुसऱ्या प्रकारच्या सुधारणा केवळ हौसेच्या असतात. मोठे सिलिंडर बसवून वेग वाढवावा, असा मोह तरुणांना होतो. पण हा सांगाडा आणि हे ब्रेक दीडशे सी.सी.च्या इंजिनासाठी बेतलेले आहेत. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम असे सांगते की, कारखान्याने नमूद केलेल्या मूळ घडणीहून वेगळा ठरेल असा फेरबदल मालकाला वाहनात करता येत नाही. दुसरीही गोष्ट आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या व मूळ रूपात राखलेल्या दुचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, जरी अशा गाडीचा रोजच्या ये-जासाठी उपयोग करता येत नाही. सरोजिनी नगरच्या पहिल्या गाड्या आता त्या वयाला पोचत आहेत. आज हौसेने कापलेला पत्रा उद्या तो मान गमावून बसेल. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, मोडका का असेना, डब्यात जपून ठेवावा.

शेवटी एक सूचना. एक साधी वही घ्या. कोणता भाग केव्हा बदलला, कोणत्या मापाचे बेअरिंग बसले, कोणत्या नटाचे आटे गेले होते, कोणती तार कोणत्या रंगाला जोडली, हे सारे तारखेसह तीत लिहा. सरोजिनी नगरात ही गाडी ज्यांनी जुळवली, त्यांच्या हातांत जे ज्ञान होते, ते कारखान्याच्या दारांबरोबर बंद झाले. भांडुपच्या कारागिरांचेही तसेच झाले. त्यातले थोडे जरी उरावयाचे असेल, तर ते घरोघरच्या अशा वह्यांतूनच उरेल. पुढे आपली मुलगी किंवा नातू ती ताडपत्री उचलील, तेव्हा गाडीच्या जोडीला ती वहीही त्यांच्या हाती लागावी. पहिल्या पानावर लिहावयाचे ते मात्र आजच लिहून ठेवा: आधी ब्रेक तपासावे.