काळ-कामाचे गणित आणि इंटरनेटची पॅकेटं



'एक काम 4 मजूर 8 दिवसांत करतात, तर 16 मजूर किती दिवसांत करतील?' आपण पटकन 2 सांगतो. हेच गणित नेटवर्क प्रोसेसरला लावलं, तर उत्तर चुकतं. का, ते पाहूया.

इंटरनेटवरची माहिती छोट्या पॅकेटांतून जाते. वाटेतल्या राउटरमधला प्रोसेसर प्रत्येक पॅकेटचा पत्ता वाचून त्याला पुढे पाठवतो. सेकंदाला 10 गिगाबिटच्या इथरनेट लाईनवर 64 बाइटची, म्हणजे सर्वांत लहान पॅकेटं सलग आली, तर एकेकासाठी जेमतेम 67 नॅनोसेकंद मिळतात. एका कोअरला हे झेपत नसे. म्हणून इंटेलच्या आयएक्सपी 2800 या चिपमध्ये या कामासाठी 16 मायक्रोइंजिनं होती.

मग जो कोअर मोकळा, त्याला पुढचं पॅकेट द्यावं का? इथेच मेख आहे. एकाच व्हिडिओची पॅकेटं वेगवेगळ्या कोअरकडे गेली, तर पाचवं आधी आणि चौथं मागून बाहेर पडू शकतं. क्रम फार बिघडला की टीसीपीला वाटतं, पॅकेट हरवलं. मग पाठवणारा ते पुन्हा पाठवतो आणि वेगही कमी करतो.

यावर उपाय असा: दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट क्रमांक यांवरून 'हॅश' नावाचा आकडा काढायचा आणि त्यावरून कोअर ठरवायचा. एका जोडणीची सगळी पॅकेटं एकाच कोअरकडे जातात, क्रम टिकतो. तोटा एवढाच, की एखादी जोडणी फारच मोठी असेल तर एक कोअर दमतो आणि बाकीचे बसून राहतात.

म्हणून काळ-काम शिकवताना मुलांना हेही जरूर विचारा: 'हे काम खरंच वाटून घेता येतं का?'