युरोपचा हंगाम आणि माळ्याचा मुलगा

विटीदांडूवर वाढलेल्या आम्हां नगरकरांना गोल्फ म्हणजे छावणींतल्या साहेबांचा खेळ. तथापि २०१५ सालीं ‘युरोपियन टूर’ या धंदेवाईक सामन्यांचा हंगाम युरोपाबाहेर दिल्लीसही आला होता. या खेळांत अठरा खळग्यांत चेंडू घालण्यास ज्यास सर्वांत कमी फटके लागतील, तो जिंकतो. प्रतिपक्षी आडवा येत नाहीं, चूक सर्वस्वीं आपली.

त्या फेब्रुवारींत इंडियन ओपनच्या अखेरच्या दिवशीं पुण्यांत जन्मलेला, लष्करी डॉक्टरांचा पुत्र अनिर्बान लाहिरी सात फटके मागें होता. आघाडीवर होता शिवशंकरप्रसाद चौरसिया. कलकत्त्याच्या रॉयल क्लबांत ज्या मैदानाची हिरवळ बाप राखी, तेथेंच हा पाहून पाहून खेळ शिकलेला. (अशी विद्या कोणत्या शाळेंत मिळते?) सायंकाळीं दोघे बरोबरीस आले, आणि जादा खेळाच्या पहिल्याच खळग्यावर लाहिरी जिंकला.

वर्तमानपत्रांनीं त्याचे गोडवे गाइले, तें योग्यच. आमचें मन मात्र माळ्याच्या मुलाकडे ओढलें. या स्पर्धेंत त्याच्या वांट्यास दुसरा क्रमांक येण्याची ती चौथी खेप. २०१६ सालीं त्यानें तीच स्पर्धा दोन फटक्यांनीं जिंकली. मागें राहिलेल्यांत लाहिरीही होता. २०१७ सालीं तर सात फटक्यांनीं.